प्लेट मशीनकडे बघून, पॅड रंगाकडे बघून

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. गाडीचा रंग चमकवायला १५ मिमी थ्रोचं ड्युअल ॲक्शन पॉलिशर तुम्ही घेतलंत, त्यासोबत १२५ मिमीची बॅकिंग प्लेट, म्हणजे जिच्यावर पॅड चिकटतो ती चकती, आली. त्या प्लेटसाठी बरोबर १२५ मिमीचे, चांगले जाड फोमचे पॅड घेतलेत. मग काम लवकर उरकावं म्हणून १५० मिमीची वेगळी प्लेटही आणलीत. आता बॉनेटच्या सपाट भागावर पॅड फिरतो, पण फेंडरच्या वळणावर नुसता थरथरतो. मोठी प्लेट लावली की पाच मिनिटांत हाताला मुंग्या येतात. आणि एका पॅडचा वेल्क्रो मधोमध वितळून पॅड सुटून उडाला. ‘कोणती प्लेट आणि कोणते पॅड घेऊ, सरळ नावं सांगा,’ असं तुम्ही विचारलंय. पिलर (खिडक्यांमधले खांब) आणि आरशांसाठी याच मशीनला ७५ मिमीची प्लेट चालेल का, हेही विचारलंय.

नावं सांगता येतील, पण त्यांनी तुमची अडचण सुटायची नाही, कारण तिन्ही तक्रारी एकाच ठिकाणाहून निघाल्या आहेत. बॅकिंग प्लेट म्हणजे पॅड चिकटवायची चकती, असं धरून तुम्ही ती निवडलीत. खरं तर ती मशीनचाच भाग आहे. मशीनच्या आत जे वजन फिरतं, त्याचाच तो बाहेर आलेला तुकडा. म्हणून प्लेट निवडायची ती मशीनकडे बघून, आणि पॅड निवडायचा तो गाडीच्या रंगाकडे आणि पत्र्याच्या वळणाकडे बघून. बरेच जण नेमकं उलटं करतात: प्लेट कामाच्या घाईवरून घेतात आणि पॅड फोमच्या रंगावरून.

काही गोष्टी मला इथून ठरवता येणार नाहीत. तुमच्या गाडीचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, कडक आहे की मऊ, एखादा पत्रा पुन्हा रंगवलेला आहे का, ओरखडे किती खोल आहेत, हे पत्र्यावर हात फिरवल्याशिवाय आणि दिवा धरल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे पॅडच्या बाबतीत शेवटचा निर्णय तुम्हालाच एका लहानशा तुकड्यावर करून बघून घ्यावा लागेल. प्लेटचं मात्र तसं नाही. तिथे बरंचसं उत्तर ठरलेलं असतं.

आधी मशीन आत काय करतं ते बघा. तुमच्या पॉलिशरमध्ये मोटर प्लेटला सरळ गरगर फिरवत नाही. प्लेट मोटरच्या अक्षापासून जरा बाजूला बसवलेली असते. थ्रो १५ मिमी म्हणजे प्लेटचं केंद्र १५ मिमी व्यासाच्या वर्तुळावर पळत राहतं. अक्षापासून ते साडेसात मिमी बाजूला असतं. ही पहिली हालचाल. ती मोटरच्या जोरावर होते आणि सहसा थांबत नाही. दुसरी हालचाल म्हणजे प्लेटचं स्वतःभोवती फिरणं, आणि ती बेअरिंगवर मोकळी सोडलेली असते. पहिल्या हालचालीच्या ओढीने ती होते, आणि पॅड कुठे जरा अडला की बंद पडते. तुमच्या फेंडरवर नेमकं हेच घडतंय: पॅड वर्तुळात पळतोय, पण स्वतःभोवती फिरत नाहीये.

मोकळ्या फिरकीचं हे मशीन म्हणूनच नवशिक्यासाठी सुरक्षित मानतात. जोर जास्त झाला तर ते रंग जाळायच्या आधी फिरणं सोडून देतं. पण त्याच कारणाने प्लेट आणि पॅड निवडताना ते फार नाजूक असतं. गिअरने सक्तीने फिरणाऱ्या मशीनमध्ये किंवा रोटरीमध्ये, म्हणजे एकाच अक्षावर सरळ गरगर फिरणाऱ्या मशीनमध्ये, चुकीचा पॅडही फिरत राहतो. तुमच्या मशीनमध्ये फोमची जाडी, पॅडची कड, प्लेटचा आकार, यातलं काहीही फिरकी खाऊन टाकू शकतं. मोकळी फिरकी थांबली की कट, म्हणजे रंग घासून कापणं, जवळपास संपतो आणि नुसती उष्णता उरते.

एक गोष्ट आजच करा. प्लेटच्या कडेला मार्करने एक जाड रेघ मारा, बाजूने दिसेल अशी. काम करताना ती रेघ डोळ्यांना फिरताना दिसली पाहिजे. एका जागी थरथरताना दिसली तर फिरकी बंद आहे. मी इतकी वर्षं हे काम करतोय, तरी माझ्या प्रत्येक प्लेटवर अशी रेघ आहे. आवाजावरून फिरकी थांबलेली दर वेळी कळत नाही, रेघेवरून कळते.

आता हाताला येणाऱ्या मुंग्या. प्लेट आणि पॅड अक्षाच्या बाजूला फिरतात, म्हणून त्यांचा तोल सांभाळायला मशीनच्या डोक्यात उलट बाजूला एक वजन बसवलेलं असतं, काउंटरवेट. हे वजन ठरावीक मापाची प्लेट आणि साधारण ठरावीक वजनाचा पॅड धरून बनवलेलं असतं. तुम्ही १२५ ऐवजी १५० ची प्लेट लावलीत, तर चकतीचं क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढलं. प्लेट जड झाली, तिच्यावरचा पॅडही जड झाला, आणि काउंटरवेट आहे तेवढंच राहिलं.

हा फरक किरकोळ वाटतो, पण गणित करून बघा. मिनिटाला ४५०० फेरे म्हणजे सेकंदाला ७५. साडेसात मिमी अंतरावर फिरणारं ५० ग्रॅमचं जादा वजन या वेगाला साधारण साडेआठ किलो वजनाइतक्या जोराने मशीनला ओढतं, आणि ती ओढ सेकंदाला ७५ वेळा दिशा बदलते. तो सगळा हिसका तुमच्या मनगटात आणि मशीनच्या बेअरिंगमध्ये जातो. त्यामुळे ‘सवय होईल’ असं म्हणून मोठी प्लेट वापरत राहू नका. हाताला सवय होईलही, बेअरिंगला होणार नाही. पॉलिश पिऊन जड झालेला पॅडही असाच तोल बिघडवतो. दिवसाच्या शेवटी मशीन जास्त थरथरायला लागलं, तर आधी पॅड बदलून बघा.

हेच गणित तुमच्या ७५ मिमीच्या प्लेटलाही लागू आहे, फक्त उलट्या बाजूने. प्लेट फार हलकी झाली की काउंटरवेट जड पडतं आणि मशीन तितकंच थरथरतं. शिवाय ७५ मिमीच्या लहान पॅडला १५ मिमीचा थ्रो म्हणजे त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठी उडी. काही मशीनबरोबर वेगवेगळ्या प्लेटसाठी वेगवेगळी वजनं मिळतात. तुमच्या मशीनच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असेल तरच माप बदला. नसेल तर मोठी प्लेट बाजूला ठेवून द्या आणि १२५ वरच राहा. पिलरसाठी लहान मशीन वेगळं घेणं परवडत नसेल, तर तेवढा भाग हाताने करा. पिलरवर असतं ते काम हाताने अर्ध्या तासात होतं.

आता तुमची सगळ्यात धोक्याची चूक, जिच्याबद्दल तुम्ही तक्रारच केलेली नाही: १२५ च्या प्लेटवर १२५ चा पॅड. प्लेट कडक प्लॅस्टिकची किंवा कडक रबराची असते. पॅड तिच्याइतकाच असेल, तर मशीन थोडं कललं की प्लेटची कड रंगाला लागते. त्यात पॅड दोन-तीन मिमी बाजूला चिकटला असेल, तर एका बाजूने प्लेट उघडीच पडते.

हे मी स्वतःच्या हाताने केलंय. सुरुवातीच्या दिवसांत एका गडद निळ्या गाडीच्या मागच्या दारावर काम करत होतो. हँडलखाली जी खोलगट जागा असते, तिच्या काठावर मशीन जरा तिरपं झालं. आवाज बदलला, ‘टक’ असा एकच, आणि मी मशीन उचललं. पुसून बघितलं तर नखाएवढी चंद्रकोर, दुधी रंगाची. ती पॉलिश करून गेली नाही, कारण प्लेटची कड क्लिअर कोट ओलांडून खाली पोहोचली होती. दार पुन्हा रंगवावं लागलं. गाडीच्या मालकिणीला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं आणि खर्च माझ्याकडून केला. तेव्हापासून प्लेटच्या बाहेर सगळीकडून फोमची कड दिसल्याशिवाय मी मशीन सुरू करत नाही.

ती कड किती हवी? माझ्या अनुभवाने प्रत्येक बाजूला पाच ते दहा मिमी. म्हणजे १२५ च्या प्लेटला पाठीमागे साधारण १३५ ते १४५ मिमी असलेला पॅड. कड याहून बरीच जास्त असेल तर तेही बरं नाही. आधार नसलेला फोम फडफडतो, वळणावर दुमडतो, आणि त्या दुमडण्यातच फिरकी जाते.

इथे एक फसगत होते. पॅडवर लिहिलेलं माप कधी त्याच्या तोंडाचं असतं, म्हणजे रंगाला लागणाऱ्या बाजूचं, आणि कधी पाठीचं, म्हणजे वेल्क्रोच्या बाजूचं. पुष्कळ पॅड उतरत्या कडेचे असतात, एक बाजू मोठी, दुसरी लहान. ‘१५०’ लिहिलेला पॅड पाठीला १३० भरू शकतो. त्यामुळे छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. पॅड उलटा करा, वेल्क्रोवर पट्टी ठेवा आणि मोजा. प्लेट त्या वेल्क्रोच्या आत पूर्ण मावली पाहिजे.

आट्यांबद्दल थोडंसं, कारण पुढेमागे प्लेट बदलाल तेव्हा हे उपयोगी पडेल. ड्युअल ॲक्शन मशीनमध्ये साधारण दोन प्रकारचे आटे भेटतात: एक एम ८ आणि दुसरा ५/१६ इंच, इंचाला २४ आट्यांचा. एम ८ म्हणजे ८ मिमी जाडी आणि एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत १.२५ मिमी अंतर. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी जाडी आणि अंतर साधारण १.०६ मिमी. जाडी जवळपास सारखी, म्हणून चुकीची प्लेटही पहिला एखादा फेरा गोडीत बसते. मग अडते. तिथे पाना लावून जोर केला की स्पिंडलचे आटे मेले म्हणून समजा. बरोबर आटे असतील तर प्लेट बोटांनी शेवटपर्यंत जाते. पाना फक्त शेवटच्या आवळणीसाठी. रोटरीला बहुधा एम १४ किंवा ५/८ इंच असतो, तो ड्युअल ॲक्शनला बसतच नाही, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही.

प्लेट आणि मशीनचं डोकं यांच्यामधली फटही बघा. पुष्कळ मशीनना तिथे एक रबरी झालर असते. ती प्लेटला हलकी टेकून राहते आणि मशीन हवेत उचललं की प्लेट सुसाट फिरू देत नाही. दुसऱ्या बनावटीची प्लेट जरा जाड असली तर ती झालरीवर घासून बसते, आणि फिरकीला कायमचा ब्रेक लागतो. मशीनबरोबर जो पातळ वॉशर आला असेल तो याचसाठी असतो. तो हरवू नका, आणि ‘घट्ट बसावं’ म्हणून दोन-दोन घालूही नका.

आता वितळलेला वेल्क्रो. या प्रकाराला बहुतेक लोक पॅडचा दर्जा जबाबदार धरतात. कधी तो असतोही. पण तुमच्या बाबतीत मला कारण दुसरं दिसतं. जाड फोम, वळणाचा पत्रा, आणि थांबलेली फिरकी. फिरकी थांबली तरी पहिली हालचाल चालूच असते. सेकंदाला ७५ वेळा प्लेट १५ मिमीच्या वर्तुळात पळते, आणि खाली फोमचं तोंड रंगाला धरून बसलेलं. मधला फोम तितक्याच वेळा तिरपा ताणला जातो आणि सुटतो. त्या ताणाने फोम आतून तापतो. प्लेटचे हुक आणि पॅडचे फासे एकमेकांत घासून तापतात. कडेची उष्णता हवेत जाते, मधली कुठे जाणार? वर प्लेट, खाली फोम, दोन्ही उष्णता धरून ठेवणारे. शिवाय तुमच्या हाताचा भार मधोमधच पडतो. म्हणून वितळतं ते नेहमी मध्यापासून. चांगल्या पॅडना मधे भोक असतं आणि काही प्लेटना हवेसाठी छिद्रं असतात, ती याचसाठी.

म्हणून पॅड मध्यावर बसवणं हा नुसता टापटिपीचा भाग नाही. पॅडचं भोक आणि प्लेटचं केंद्र बोटाने चाचपून जुळवा. मग मशीन उभं धरून प्लेट हाताने हळू फिरवा आणि कडेकडे बघा. बाहेर आलेली फोमची पट्टी सगळीकडे सारखी दिसते का? एका बाजूला तीन मिमी जास्त दिसली तर काढून पुन्हा लावा. काढताना फोमला धरून ओढू नका. कडेने वेल्क्रोच्या थराखाली बोटं घाला आणि सावकाश उलगडा. तापलेला पॅड खस्सकन ओढला की चिकटवलेला थर फोमपासून सुटतो. दोन मिनिटं थांबून काढा.

मधले हुक वितळून गुळगुळीत झालेली प्लेट मात्र पुन्हा वापरू नका. तिच्यावर लावलेला नवा पॅडही मधे सैल बसेल, घासेल, आणि त्याचाही वेल्क्रो जाईल. बोटाचं टोक हुकांवर फिरवून बघा. चांगले हुक खरखरीत लागतात, मेलेले हुक चकचकीत दिसतात आणि निसटते लागतात.

प्लेट कडक घ्यावी की लवचिक, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण पुढे पडेल. कडक प्लेट हालचाल जशीच्या तशी पॅडपर्यंत पोहोचवते, म्हणून सपाट पत्र्यावर कट चांगला मिळतो. लवचिक कडेची प्लेट वळणाला जुळवून घेते, पण थोडी हालचाल स्वतःच खाते. तुमच्या मशीनबरोबर आलेली प्लेट कोणत्या प्रकारची आहे ते कड दाबून बघा. बहुतेक मशीनबरोबर मधल्या स्वभावाची देतात आणि ती पुरते. प्लेट आणि पॅडच्या मधे घालायचा मऊ फोमचा थरही मिळतो, इंटरफेस पॅड म्हणतात त्याला. वळणावर सँडिंग डिस्क वापरताना मी तो लावतो. पॉलिशिंगला नाही, कारण तुमचं दुखणं आधीच जास्त फोमचं आहे, त्यात आणखी फोम घालून उपयोग नाही.

तर इथपर्यंतचं थोडक्यात: १२५ ची, मशीनच्याच बनावटीची किंवा त्याच वजनाची प्लेट, आटे आणि वॉशर तपासून, हुक शाबूत असलेली, बाजूला रेघ मारलेली. एवढं झालं की प्लेटचा विचार संपला. तो पुन्हा पुन्हा करायचा नसतो.

पॅडचा विचार मात्र दर गाडीला नव्याने करावा लागतो.

पहिली गोष्ट जाडी. तुमचे पॅड जाड आहेत हे तुम्ही पाठवलेल्या फोटोवरूनच दिसतं, तीस मिमीच्या वर असावेत. रोटरीच्या जमान्यात जाड फोमला अर्थ होता. रोटरी एका अक्षावर जोरात फिरतं, जाड फोम तिथे गादीचं काम करतो आणि रंगाला सांभाळतो. ड्युअल ॲक्शनमध्ये प्लेट १५ मिमी इकडेतिकडे होते आणि जाड फोम ती हालचाल मधेच गिळतो. वरचं टोक हलतं, तोंड जागेवर राहतं. एक प्रयोग करा: पॅड टेबलावर तोंड खाली ठेवून तळहाताने दाबा आणि हात आडवा हलवा. जाड पॅडमध्ये हात सरकतो, तोंड सरकत नाही. पंधरा ते पंचवीस मिमीच्या पॅडमध्ये तोंडही हाताबरोबर येतं. म्हणून मी ड्युअल ॲक्शनला पंचवीसच्या वर सहसा जात नाही. फेंडरवर तुमचा पॅड थांबतो, त्यातली अर्धी अडचण पातळ पॅड घेतल्यावर तिथल्या तिथे जाईल. उरलेली अर्धी हाताची आहे: वळणावर भार कमी करा, मशीन वळणाबरोबर वळवत न्या, आणि पॅडचा जास्तीत जास्त भाग पत्र्याला टेकलेला ठेवा.

दुसरी गोष्ट, फोमच्या रंगावर जाऊ नका. पॅडच्या रंगांना सगळ्या कंपन्यांत मिळून एक असा नियम नाही. रुपेस या कंपनीच्या फोम पॅडमध्ये निळा सर्वांत जास्त कापणारा, मग हिरवा, आणि पिवळा बारीक पॉलिशचा. लेक कंट्री या दुसऱ्या कंपनीच्या पॅडमध्ये पिवळा हा चांगला कापणारा पॅड आहे. एकाच्या सल्ल्यावर ‘पिवळा घे’ म्हणून दुसऱ्याचा पिवळा घेतला, तर शेवटच्या चमकेच्या वेळी तुम्ही रंग कापत बसाल. पाकिटावर काम लिहिलेलं असतं, कटिंग, पॉलिशिंग की फिनिशिंग, ते वाचा. आणि बोटाने दाबून बघा: कडक आणि खरखरीत फोम कापतो, मऊ आणि बारीक छिद्रांचा फोम चमक काढतो.

तिसरी गोष्ट, पॅड कशाचा. फोम, मायक्रोफायबर आणि वूल असे तीन पर्याय तुमच्यासमोर आहेत. मायक्रोफायबर पॅड पातळ असतो, आणि त्याचा प्रत्येक तंतू कंपाउंडचे, म्हणजे कापणाऱ्या पॉलिशचे, कण रंगावर ओढतो, म्हणून तुमच्यासारख्या मशीनवर तो भराभर कापतो. कडक क्लिअर कोटवर त्याच्याइतकं समाधान दुसरा कुठला पॅड देत नाही. पण मऊ रंगावर, विशेषतः काळ्यावर, तो स्वतःचीच एक धुरकट जाळी मागे ठेवतो, आणि ती काढायला फोमचा दुसरा फेरा लागतोच. आखूड केसांचा वूल पॅडही ड्युअल ॲक्शनवर चालतो. तंतूंमधून हवा खेळती राहते, त्यामुळे पत्रा कमी तापतो. पण त्याचे तंतू गळतात आणि हात बसलेला नसेल तर शेवट खडबडीत येतो. फोम तिघांत सगळ्यात सावकाश, आणि सगळ्यात क्षमाशील. पहिल्या गाडीसाठी मी तुम्हाला फोमच सांगेन. एक मध्यम पॉलिशिंगचा आणि एक मऊ फिनिशिंगचा प्रकार घ्या, आणि फार खोल ओरखड्यांसाठी एखादा मायक्रोफायबर कटिंग पॅड बाजूला ठेवा.

क्रम कसा लावायचा? नेहमी मवाळ जोडीपासून सुरुवात. गाडीच्या पूर्ण रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते, आणि त्यातला वरचा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. तुमच्या डोक्याचा एक केस त्याहून जाड असू शकतो. कापलेला क्लिअर कोट परत येत नाही. म्हणून पत्र्यावर मास्किंग टेपने हातभर लांब-रुंद चौकोन आखा. मध्यम फोम, मध्यम पॉलिश, सावकाश चार फेरे, हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. पुसा आणि दिवा तिरपा धरून बघा. ओरखडे गेले असतील तर तुमची जोडी सापडली. गेले नसतील तर आधी पॉलिश बदला, पॅड तोच ठेवा. तरीही नाही, तर मग पॅड कडक घ्या. दोन्ही एकदम बदललं तर कशाने काम झालं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या पत्र्यावर पुन्हा अंधारात चाचपडणं आलं.

लहान पॅडबद्दल एक सावधगिरी, पुढे कधी लहान मशीन घ्याल म्हणून सांगतो. ७५ मिमीच्या पॅडचं क्षेत्रफळ १५० च्या पॅडच्या चौथा हिस्सा असतं. हाताचा भार तेवढाच ठेवलात, तर रंगावरचा दाब चौपट होतो. लहान पॅड म्हणून तो सौम्य असेल असं वाटतं, पण बंपरच्या कोपऱ्यावर तोच आधी घात करतो. प्लॅस्टिकचा बंपर पत्र्यासारखी उष्णता पसरवून देत नाही, आणि कोपऱ्यावर रंगाचा थर बहुधा पातळ असतो. तिथे टेप लावा, वेग उतरवा आणि मधेमधे हाताच्या मागच्या बाजूने उष्णता बघा.

रोटरी हातात आलं तर हिशेब बदलतो. तिथे पॅड जितका मोठा तितकी त्याची कड जोरात पळते. मिनिटाला १२०० फेऱ्यांवर १५० मिमीच्या पॅडची कड सेकंदाला जवळपास साडेनऊ मीटर जाते, ७५ च्या पॅडची पावणेपाच. मोकळ्या फिरकीचं संरक्षण तिथे नाही, म्हणून रोटरीला लवचिक प्लेट आणि जाडसर पॅडच बरे. पण आत्ता त्या वाटेला जाऊ नका.

किती पॅड लागतील? एका मध्यम गाडीला कापणाऱ्या कामासाठी चार आणि फिनिशिंगसाठी दोन-तीन धरा. एकाच पॅडवर पूर्ण गाडी ओढायची म्हटली की तो पॉलिशने आणि निघालेल्या रंगाने तुंबतो, जड होतो, तापतो, आणि मग वेल्क्रो. दर चौकोनानंतर ब्रशने पॅडचं तोंड झाडा. मायक्रोफायबरला हवेचा दाब मिळाला तर उत्तम. काम झाल्यावर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि वेल्क्रोची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. कटिंगचा पॅड कितीही स्वच्छ धुतला तरी फिनिशिंगच्या डब्यात ठेवू नका. एक कडक कण राहिला तरी शेवटच्या फेऱ्यात दिसतो.

तुमच्याकडे आत्ता जे आहे त्यात काय करायचं ते सांगतो. १५० ची प्लेट परत होत असेल तर परत करा. १२५ च्या प्लेटचे मधले हुक वितळले असतील तर ती बदला, मशीनच्याच बनावटीची घ्या. जाड पॅड फेकू नका, हाताने मेण लावायला ते छान चालतात. नवे चार पातळ फोम पॅड आणा, पाठ मोजून. मग फेंडरवरच पहिला चौकोन आखा, बॉनेटवर नको, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. वेग मधल्याच्या किंचित वर, भार फक्त मशीनच्या वजनाएवढा, आणि नजर त्या मार्करच्या रेघेवर. रेघ फिरताना दिसली की मला कळवा, आणि चौकोन पुसल्यावर तिरप्या दिव्यात काय दिसलं तेही लिहा: बारीक गोल ओरखडे उरलेत, की दुधी धुरकटपणा आलाय. या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. तेवढं कळलं की कडक पॅडकडे जायचं की बारीक पॉलिशकडे, ते मी नेमकं सांगू शकेन.